बॅलेचा वर्ग आणि बाबासाहेबांचे 'दुकान'

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात 'बॅले' हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी हसतो. मग विचारतो, हे काय नवीन खूळ? तो नाच गोऱ्यांचा, त्यातही पैसेवाल्या गोऱ्यांचा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या बौद्ध माणसाचा त्याच्याशी संबंध काय? आम्हाला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. चवदार तळ्याच्या पाण्याशी तुमचा संबंध काय, संस्कृतशी तुमचा संबंध काय, वकिलीच्या काळ्या कोटाशी तुमचा संबंध काय, असे आमच्या आज्या-पणज्यांना आणि बापांना याच सुरात विचारले गेले. फरक एवढाच, की तेव्हा विचारणारे बाहेरचे होते. आज विचारणाऱ्यांत आपलेही पुष्कळ आहेत.

प्रसंग असा. आमच्या तालुक्यातील एक परिचारिका, वय चौतीस, दोन मुलांची आई. गेली दीड वर्षे ती मोबाईलवर पाहून, खुर्चीच्या पाठीला धरून घरच्या घरी बॅलेचे धडे गिरवते आहे. हे तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे, सासूला नाही. आठ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी तिला मुंबईला जायचे होते. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, पैसे भरून एका दिवसापुरतं शिकू देतात का तिथं? अन् मले पाहून बाहेर तं नाही काढतीन?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौकशी करून देता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वकिली आणि चळवळ या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न आधी घेऊ. जगातल्या मोठ्या शहरांत प्रौढांसाठी असे वर्ग चालतात की ज्यांत वर्षाची फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, शिफारसपत्र नाही. त्या दिवशी यायचे, त्या वर्गाचे पैसे भरायचे, तास-दीड तास शिकायचे आणि निघून जायचे. याला तिकडे 'ड्रॉप-इन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एका दिवसाच्या फीचा वर्ग. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात १९७९ साली अननसाच्या जुन्या गोदामात 'पाइनॅपल डान्स स्टुडिओज' सुरू झाले, ते याच पद्धतीवर. न्यूयॉर्कमध्ये 'स्टेप्स ऑन ब्रॉडवे' ही अशीच जागा. तिथे नावाजलेले नर्तक आणि दिवसभर कचेरीत बसून आलेले कारकून एकाच छताखाली घाम गाळतात. ब्रॉडवे हा तोच रस्ता, ज्याच्या कडेला कोलंबिया विद्यापीठ उभे आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जिथे शिकले ते विद्यापीठ ११६ व्या गल्लीपाशी आणि हा नाचाचा वर्ग त्याच रस्त्यावर खाली ७४ व्या गल्लीपाशी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आमची मुले-मुली लंडन-न्यूयॉर्कला जातात. त्यांनी बाबासाहेबांचे विद्यापीठ पाहावे, लंडनला किंग हेन्रीज रोडवरचे, महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतलेले घर पाहावे, आणि संध्याकाळी मन झाले तर अशा एखाद्या वर्गाचे दारही ढकलून पाहावे. त्यात काही बिघडत नाही.

आता कोणी म्हणेल, अनोळखी शहरात, अनोळखी गुरूपुढे एका दिवसात माणूस काय शिकणार? इथेच बॅलेची गंमत आहे. बॅलेचा वर्ग जगभर जवळपास एकाच क्रमाने चालतो. आधी भिंतीलगतचा लाकडी दांडा एका हाताने धरून उभे राहायचे. पहिल्यांदा गुडघे हळूहळू वाकवणे, त्याला 'प्लिए' म्हणतात. मग पाय जमिनीवरून घासत पुढे, बाजूला, मागे ताणणे, ते 'तांद्यू'. मग पायाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढणे, मग पाय उंच फेकणे. एक बाजू झाली की वळून दुसरी बाजू. त्यानंतर दांडा सोडून खोलीच्या मध्यभागी यायचे. आधी संथ हालचाली, मग गिरक्या, शेवटी उड्या. आणि अगदी अखेरीस गुरूला आणि वाजवणाऱ्याला वाकून अभिवादन. सगळी नावे फ्रेंच, कारण १६६१ साली चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये नृत्याची राजमान्य अकादमी काढली आणि तिथून ही परिभाषा जगभर गेली. टोकियोत 'प्लिए' म्हटले तरी गुडघेच वाकतात आणि अंधेरीत म्हटले तरी गुडघेच वाकतात.

आपल्या लोकांना हे समजायला अवघड नाही. आर्वीचा बौद्ध माणूस मुंबईच्या विहारात गेला, श्रीलंकेच्या विहारात गेला किंवा बुद्धगयेला परदेशी भिक्खूंच्या शेजारी बसला, तरी त्रिशरण-पंचशील सुरू होताच तो पहिल्या ओळीपासून सामील होतो. त्याला शेजाऱ्याची भाषा येत नसली तरी पाली येते. क्रम ठाऊक असला की परका माणूस परका राहत नाही. आमच्या परिचारिका ताईंनी खुर्ची धरून जो दीड वर्षे सराव केला तो तिला त्या खोलीत बसू देणारा परवाना आहे, हे आम्ही तिला सांगितले.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगितल्या. त्या इथे लिहितो, कारण विचारणारी ती एकटी नसावी. मुंबईत बॅलेचे बरेच वर्ग लहान मुलींसाठी असतात आणि फी महिन्याची किंवा सत्राची घेतात. म्हणून आधी फोन करावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: प्रौढांचा, अगदी नवशिक्यांचा वर्ग कोणत्या वारी आहे, एकाच दिवसाची फी घेता का, आणि वेळापत्रक या आठवड्यात तेच आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण या वर्गांची वेळ आणि जागा दोन्ही वारंवार बदलतात आणि दादरहून गाडी बदलत जाऊन कुलूप बघण्यात अर्धा दिवस जातो. अशा वर्गांची वस्ती पश्चिम उपनगरांत आणि दक्षिण मुंबईत जास्त, हे लक्षात ठेवून राहण्याची सोय बघावी. महागडे बूट विकत घेऊ नयेत. नवशिक्याला पहिल्या दिवशी पायमोज्यांवरही उभे राहू देतात, विचारून घ्यावे. टाचा उचलून बोटांच्या टोकावर उभे राहण्याचे ते कडक बूट तर पहिल्या वर्षी मनातही आणू नयेत. त्यासाठी घोट्याची ताकद वर्षानुवर्षे तयार करावी लागते. पाय बाहेरच्या बाजूला वळवायचे ते खुब्यातून, गुडघा पिळून नव्हे. मोबाईलवर शिकणारे नेमके इथेच चुकतात आणि गुडघे धरून बसतात. जुनी दुखापत असेल तर वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाला सांगावी. पंधरा मिनिटे आधी पोहोचावे आणि दांड्याच्या टोकाला नव्हे, मधोमध उभे राहावे. टोकाला उभे राहिले की वळल्यावर समोर पाहायला कोणी उरत नाही. मध्ये उभे राहिले की दोन्ही बाजूंनी कोणीतरी पुढे असते, त्याचे पाहून करता येते. नवख्या माणसाने मागे, कडेला, कोपऱ्यात उभे राहण्याची आपली जी सवय आहे, ती इथे उलट नडते. (ही सवय आपल्याला कोणी लावली, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

आता मुंबईची खरी हकीकत सांगतो. तिथे बॅले नवीन नाही. तुषना दलास यांनी १९६६ साली मुंबईत बॅलेची शाळा काढली आणि पिढ्या घडवल्या. पण तो बराच काळ शहराच्या एका विशिष्ट थराचा विषय राहिला. त्या थराच्या बाहेर त्याची वाच्यता झाली ती दोन तरुणांमुळे. एक मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. दुसरा अमीरुद्दीन शाह, नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा. दोघेही चित्रपट आणि दूरचित्रवाणी पाहून, रस्त्यावर आणि समुद्राच्या वाळूत कोलांट्या मारत नाच शिकलेले. अॅशले लोबो यांच्या 'डान्सवर्क्स' या संस्थेच्या मुंबईतील वर्गात यहुदा माओर नावाचे सत्तरीकडे झुकलेले इस्रायली शिक्षक त्यांना भेटले. अमीर तेव्हा शाळकरी वयाचा होता. २०१७ साली त्याला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीषचे प्रकरण आमच्या विषयाला अधिक जवळचे. तो विशीच्या आसपास या वर्गात आला. बॅलेच्या मोठ्या शाळा ज्या वयात विद्यार्थी घेतात, ते वय त्याचे निघून गेले होते. तरीही तो शिकत राहिला आणि पुढे न्यूयॉर्कच्या 'पेरिडान्स' कंपनीत नाचू लागला. त्याच्यावर 'कॉल मी डान्सर' हा माहितीपट निघाला.

या दोघांच्या हकीकतीवर 'ये बॅले' हा चित्रपट २०२० साली आला. त्यात मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका स्वतःच केली. दिग्दर्शिका सूनी तारापोरवाला. हे नाव आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असले पाहिजे. डॉ. जब्बार पटेल यांच्या, ममूटींनी भूमिका केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या पटकथेत दया पवार आणि अरुण साधू यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. आपल्या वस्तीत दर एप्रिलला पडदा लावून जो चित्रपट दाखवतात, त्याची पटकथा लिहिणाऱ्यांपैकी एक बाई पुढे टॅक्सीचालकाच्या आणि वेल्डरच्या मुलाच्या बॅलेवर चित्रपट काढते, यात आम्हाला तरी सूत्र दिसते.

परंतु दोन मुलांच्या यशाने खूश होऊन टाळ्या वाजवणे हे प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांचे काम आहे. 'गरीब असूनही पोहोचला' ही त्यांची आवडती बातमी. आम्हाला विचारायचे आहे ते न पोहोचलेल्यांबद्दल, आणि ज्यांना कुठे पोहोचायचेच नाही, फक्त आठवड्यातून एक तास शिकायचे आहे, त्यांच्याबद्दल. चौतीस वर्षांची परिचारिका न्यूयॉर्कच्या कंपनीत जाणार नाही. तिला जायचेही नाही. तिला त्या खोलीत उभे राहण्याचा हक्क आहे की नाही?

इथे दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'मले पाहून बाहेर तं नाही काढतीन?'

२९ नोव्हेंबर १९४८ हा दिवस आपण संविधानाच्या इतिहासात अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद संविधान सभेने मंजूर केला म्हणून लक्षात ठेवतो. त्याच दिवशी आणखी एका अनुच्छेदावर चर्चा झाली. मसुद्यात तो नववा होता, आज पंधरावा आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे अटकाव करता येणार नाही, असे त्याचे दुसरे कलम सांगते. सभासदांनी विचारले, 'दुकान' म्हणजे नेमके काय? बाबासाहेबांनी जे उत्तर दिले ते प्रत्येक आंबेडकरी वकिलाने पाठ करावे असे आहे. त्यांनी सांगितले, की हा शब्द आम्ही अगदी व्यापक अर्थाने वापरला आहे. सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही आपली सेवा देण्याची तयारी ठेवून जो मालक जागा उघडून बसतो, ती जागा म्हणजे दुकान. आणि पुढे हेही स्पष्ट केले, की अर्थ फक्त आत शिरू देण्यापुरता नाही. अटी मान्य असतील तर सेवा दिलीच पाहिजे, असा तो आहे.

बांधवांनो, ही व्याख्या पुन्हा वाचा आणि मग एका दिवसाच्या फीचा नाचाचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पाटी लावलेली आहे. वेळ लिहिलेली आहे. फी लिहिलेली आहे. कोणीही यावे असे जाहीर केलेले आहे. बाबासाहेबांच्या अर्थाने हे दुकानच आहे! गुरुगृह नव्हे, घराणे नव्हे, खासगी बैठक नव्हे. २०११ साली 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या याच निवेदनाचा आधार घेऊन 'दुकाने' या शब्दात खासगी शिक्षणसंस्थाही येतात असे म्हटले. आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ मध्ये 'दुकान' या शब्दाच्या व्याख्येतच ग्राहकांना सेवा पुरवणारी कोणतीही जागा धरलेली आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे जाण्यास मज्जाव करणे किंवा सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. तेव्हा ताई, तुमचे आडनाव ऐकून, तुमच्या गळ्यातले पंचशीलाचे पदक पाहून कोणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. काढले तर तो तुमचा संकोचाचा विषय नाही, त्याच्या जामिनाचा विषय आहे.

वकील म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या अनुच्छेदात वय नाही. 'आम्ही तीसच्या वरच्यांना घेत नाही' असे कोणी म्हटले तर या कलमाखाली त्याला धरता येत नाही. आणि बाबासाहेबांनी अटी मान्य असतील तर असे म्हटले आहे. फी ही एक अट आहे. दार कायद्याने उघडते, फी कायद्याने कमी होत नाही. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

त्याआधी घरातल्या आक्षेपाला तोंड दिले पाहिजे. आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठ बाबांनी स्पष्ट विचारले, "वकील साहेब, आपल्या बायांना नाचातून बाहेर काढायला बाबासाहेबांनी इतकं केलं, अन् तुम्ही त्यांना पुन्हा नाचायला पाठवता?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तमाशाच्या फडावर कोण नाचले आणि कोण पाहत बसले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पठ्ठे बापूराव कुळकर्णी आणि पवळा ही जोडी प्रसिद्ध झाली. शाहिराचे कौतुक झाले आणि महाराच्या मुलीची बदनामी. बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा मला नको, अशा अर्थाचे ते बोलले, ही हकीकत चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला पण बाईचे नाचणे आणि शृंगार बाजूला ठेवला, तो याच कारणाने. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्या ग्रंथाचा विषयच हा आहे, की जात बाईच्या शरीरावर 'अश्लील' हा शिक्का कसा मारते.

पण बाबांनी एक भेद करायला हवा. तमाशात तिला जातीने आणि भुकेने नाचायला लावले, पाहणारा पैसे फेकत होता, आणि दार बाहेरून बंद होते. या वर्गात पैसे ती स्वतः भरते, पाहणारा कोणी नाही, आरसा तिचा आहे, आणि दार तिला हवे तेव्हा उघडून जाता येते. बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती आणि विक्री. शरीर ताठ ठेवून, मान वर करून उभे राहण्याची विद्या त्यांनी नाकारलेली नाही. बॅलेच्या वर्गात पहिला धडा तोच असतो, पाठीचा कणा सरळ.

आणि बॅलेची तरी जात कुठे इतकी उंच होती? पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकात नाचणाऱ्या पोरी बहुतेक गरिबाघरच्या. त्यांना 'छोटे उंदीर' म्हणत. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात मुक्तद्वार असे, आणि ते तिथे कशासाठी जात हे सांगायला नको. देगा या चित्रकाराने १८८१ साली चौदा वर्षांच्या नर्तकीचे शिल्प मांडले, ते आज जगप्रसिद्ध आहे. ती मुलगी मारी फान गोथेम, कपडे धुणाऱ्या बाईची लेक. पुढच्याच वर्षी गैरहजेरीबद्दल तिला ऑपेरातून काढून टाकले. शिल्प संग्रहालयात गेले, मुलगी रस्त्यावर. पवळेची गोष्ट आणि मारीची गोष्ट शेजारी ठेवून वाचा, मग बॅले 'त्यांचा' आणि तमाशा 'आपला' ही वाटणी इतकी सरळ राहत नाही.

रंगाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. बॅलेचे मोजे आणि बूट 'कातडीच्या रंगाचे' म्हणून विकले जात, आणि कातडी म्हणजे गोरी कातडी. काळ्या नर्तकी वर्षानुवर्षे आपल्या बुटांना पावडर-क्रीम थापून ते आपल्या रंगाचे करत आल्या. लंडनच्या 'फ्रीड' या कंपनीने 'बॅले ब्लॅक' या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी रंगाचे बूट काढले ते २०१८ साली. एकविसावे शतक सुरू होऊन अठरा वर्षे झाली होती!

ज्या माणसाचा फोटो आम्हाला आमच्या विहाराच्या वाचनालयात लावावासा वाटतो, तो आर्थर मिचेल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला काळा मुलगा. १९५५ साली तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत शिरला आणि प्रमुख नर्तक झाला. एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल हार्लेमला परतला आणि त्या उन्हाळ्यात एका जुन्या गॅरेजमध्ये त्याने वर्ग सुरू केला. उकाड्यामुळे गॅरेजचे दार उघडे ठेवावे लागे. रस्त्यावरची पोरे डोकावू लागली. मुलांना ते घट्ट कपडे घालायची लाज वाटते हे पाहून त्याने त्यांना कापलेल्या जीन्समध्ये येऊ दिले. तीस मुलांचा वर्ग काही महिन्यांत चारशेवर गेला. १९६९ साली त्यातूनच कारेल शूक यांच्या साथीने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभे राहिले. दार उघडे राहिले ते उकाड्याने, पण कपड्यांची अट त्याने जाणीवपूर्वक सोडली. हे हार्लेम कोलंबिया विद्यापीठाला लागून आहे. बाबासाहेबांच्या खोलीपासून काही अंतरावर, बावन्न वर्षांनी, हे घडले.

मग कोणी म्हणते, शिकायचेच तर आपले भारतीय नृत्य का नाही? शिकावे की, ज्याला आवडेल त्याने जरूर शिकावे. पण एक अडचण कोणी बोलत नाही ती आम्ही बोलतो. भरतनाट्यमचा वर्ग बहुधा नटराजापुढे दिवा लावून, भूमीला वंदन करून सुरू होतो, आणि पुढे देवदेवतांच्या कथांवरच बहुतांश रचना. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीने तिथे काय करायचे? हात जोडले तर प्रतिज्ञा मोडते, नाही जोडले तर 'उद्धट' ठरते. पिढ्यान्पिढ्या ते नृत्य जपणाऱ्या देवदासी घराण्यांचे काय झाले, हा आणखी एक प्रश्न. १९३६ साली कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या नावे जे 'शुद्धीकरण' जमा आहे त्यात शुद्ध कोण झाले आणि हद्दपार कोण झाले? गंमत अशी, की खुद्द रुक्मिणीदेवी आधी बॅले शिकल्या होत्या, आन्ना पावलोवाच्या सहवासात आल्यावर. बॅलेच्या खोलीत देव नाही. दांडा आहे, आरसा आहे, आणि पियानो नसेल तर ध्वनिमुद्रित संगीत आहे. बौद्ध बाईला तिथे कोणत्याही मूर्तीपुढे वाकावे लागत नाही, ही काही लहान सोय नव्हे.

ताई मुंबईला जाऊन आल्या. वर्ग मिळाला, दुसऱ्या फोनला. पहिल्या ठिकाणी प्रौढांचा वर्ग नव्हता. फी ऐकून त्या जरा थांबल्या, मग भरली. खोलीत अकरा जण होते, त्यांत एक निवृत्त बँक कर्मचारी, वय साठीच्या पुढे. आडनाव वहीत लिहून घेतले, त्यापलीकडे कोणी काही विचारले नाही. त्या मधोमध उभ्या राहिल्या. गिरकीत पडल्या. त्यांच्या शेजारची बाईही पडली. एवढीच हकीकत त्यांनी सांगितली आणि आम्हाला विचारले, "भाऊ, आता पुढच्या महिन्यात काय?"

हाच फीचा मुद्दा. आर्वीहून पुलगाव, पुलगावहून रात्रीची गाडी, मुंबईतला खर्च आणि वर दीड तासाची फी, हे कोणत्याही परिचारिकेला दर महिन्याला झेपणारे नाही. शेतमजूर बाईला तर आयुष्यात एकदाही नाही. अधिकार असून उपयोग काय, जर दुकानच साडेसातशे किलोमीटरवर असेल? जिल्ह्याच्या ठिकाणी बाबासाहेबांच्या नावाने सामाजिक न्याय भवने उभी राहिली. गावोगावी समाजमंदिरे आहेत. जयंतीचे आठ-दहा दिवस आणि लग्नसराई सोडली तर त्यातली बरीच कुलूपबंद असतात किंवा खुर्च्यांचे गोदाम झालेली असतात. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रौढांचा नाचाचा वर्ग का भरू नये? बॅलेचाच हवा असे नाही. शिक्षक महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून यावा, उरलेले दिवस सराव आपला आपण. यात अवघड असे फक्त एकच: जमीन. सिमेंट आणि फरशीवर उड्या मारल्या की नडगी आणि गुडघे जातात. त्याखाली पोकळी ठेवून बसवलेल्या, किंचित दबणाऱ्या लाकडी फळ्या लागतात. आपल्याकडे सुतार आहेत, सागवान नसले तरी प्लायवूड आहे.

नगर परिषदेकडे द्यायचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. त्यावर आजपर्यंत सतरा सह्या झाल्या आहेत, त्यांतल्या बारा बायकांच्या. आक्षेप घेणाऱ्या बाबांनीही सही केली, मात्र शेजारी कंसात 'प्रवेश सर्वांना खुला असावा' असे स्वतःच्या हाताने लिहून. मागण्या चार आहेत. चाळीस बाय वीस फुटांची फळ्यांची जमीन. भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा. एक मोठा आरसा. आणि दारावर पाटी, जिच्यावर वार, वेळ आणि एका दिवसाची फी ठळक अक्षरांत लिहिलेली असेल. फीचा आकडा किती लिहायचा यावर अजून एकमत झालेले नाही. ताई म्हणतात दहा रुपये, बाबा म्हणतात पाच.